मी एक डोंगर सपाट केला

तिसऱ्या वळणावर वनखात्याच्या साहेबांनी सायकल झुडपाला टेकवली, हेल्मेट काढलं आणि ते एका दगडावर बसले. दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "गजभिये, हा सोपा रूट आहे?"

"हो सर," मी म्हणालो. "म्हणजे, नकाशात सोपा आहे."

मीही सायकल ढकलतच वर आलो होतो. माझा शर्ट अंगाला चिकटला होता. मागे आमच्या देशकर मॅडम सायकलच्या हँडलवर डोकं टेकवून उभ्या होत्या. त्या माझ्या बॉस. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्या क्षणी तसं वाटत नव्हतं.

मी सर्व्हेअर. जन्मभर रस्ते मोजले. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून नागपुरातल्या मॅडमच्या छोट्या फर्ममध्ये नकाशे करायला लागलो. आमच्याकडे काम आलं ते सातपुड्यातल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या काठावरच्या मोहढाणा गावाचं. गावाभोवती सायकलचे सात रूट आखायचे, प्रत्येकाला सोपा, मध्यम किंवा अवघड अशी ग्रेड द्यायची आणि नकाशा छापायचा. शहरातले लोक येतील, सायकल चालवतील, गावात मुक्काम करतील. गावातल्या आठ घरांनी त्यासाठी एकेक खोली सारवून, रंगवून तयार ठेवली होती. नव्या गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

पण रस्ते जंगलातले. साहेबांची सही झाल्याशिवाय तिथे एकही सायकल फिरवता येणार नव्हती. आणि साहेब म्हणाले होते, "मी स्वतः एक रूट चालवून बघतो. सोपा द्या. मग सहीचं बघू."

तो सोपा रूट आता आम्हा सगळ्यांचा जीव घेत होता.

माझी चूक कशी झाली ते सांगतो. रूट मोजायला जीपीएस लॉगर वापरतात. काडेपेटीएवढं यंत्र. तुम्ही कुठे आहात, किती उंचीवर आहात आणि किती वाजले, हे दर काही सेकंदांनी ते टिपत राहतं. नियम असा, की सायकलचा रूट सायकलवर बसूनच मोजायचा. पण सायकलच्या बाबतीत माझे गुडघे आणि माझं पोट यांचं एकमत आहे. सहा रूट मी जीपमध्ये बसून मोजले. सातव्यावर वरच्या ढाण्यापर्यंत, म्हणजे डोंगरावरच्या वस्तीपर्यंत, गावातला सुकराम गवळी रोज सकाळी सायकलने दूध घेऊन जायचा. मग म्हटलं, जीप कशाला न्यायची? लॉगर सुकरामच्या सायकलला बांधला.

"सुकरामभाऊ, रोजच्यासारखंच जायचं. काही वेगळं करायचं नाही."

"नाही करत जी," सुकराम म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का.

नागपूरला येऊन फाइल उघडली. चार किलोमीटरचा रस्ता, तीनशे मीटरचा चढ, वेळ सतरा मिनिटं. दुधाचे दोन भरलेले कॅन लावून.

शंभर मीटर पुढे जाताना तुम्ही किती मीटर वर चढता, त्याला ग्रेडियंट म्हणतात. दोन-तीन असला तर सायकलवाला गाणं म्हणत जातो. सात-आठ असला तर तो देवाचं नाव घेतो. इथे सात-आठ दिसत होता, आणि सुकराम गाणं म्हणण्याच्या वेगाने गेला होता. मी मॅडमना बोलावलं.

"गजभियेजी, हा माणूस इथं दूध काहून विकून राहिला? याले ऑलिम्पिकले पाठवा ना," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माणूस बरोबर आहे. उंची चुकली आहे."

हे मी अगदी शास्त्रशुद्ध बोललो. जीपीएस उंचीच्या बाबतीत कच्चंच असतं. त्यात डोंगराचा आडोसा आणि दाट सागवान. अशा वेळी आम्ही स्मूदिंग करतो, म्हणजे चुकार आकड्यांवर इस्त्री फिरवतो. मी फिरवली. एकदा फिरवून चढ जाईना, म्हणून आणखी फिरवली. शेवटी रेघ छान आडवी झाली. मी रूटला हिरवा रंग दिला आणि लिहिलं: सोपा, कुटुंबासह. खरी उंची दाखवणारा कंटूरचा नकाशा माझ्याच टेबलावर होता. त्यावर डबा ठेवून मी रोज जेवत होतो.

असो. तर तिसरं वळण. सुकरामही आमच्याबरोबर होता. इस्त्रीचा शर्ट घालून, सायकल ढकलत. मी त्याला बाजूला घेतलं.

"सुकरामभाऊ, तुम्ही रोज सतरा मिनिटांत वर जाता ना?"

"जातो ना जी."

"मग आज काय झालं?"

"आज ट्रॅक्टर नाही ना."

"कोणता ट्रॅक्टर?"

"पाण्याचा. रोज सकाळी टँकर घेऊन वर जाते तो. मी मागच्या हुकाले धरतो, मस्त चालला जातो. सारेच धरतात. आज मीच बंद ठेवाले सांगितला. म्हटलं, साहेबांच्या डोळ्यात धूळ जाईन."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाही?"

सुकरामचा चेहरा पडला. "तुमीच तं म्हटलं, रोजच्यासारखं जा म्हणून."

मला त्याच्यावर रागावता येईना आणि स्वतःवर रागवायला दम उरला नव्हता. मागे वळलो तर साहेब उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मॅडमनीही. मॅडम जंगलाकडे बघत होत्या, जणू काही त्यांचा आमच्याशी संबंध नाही.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "ही 'सोपा' ग्रेड ट्रॅक्टरची आहे."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, गेली सही. आठ घरांच्या गाद्या प्लास्टिकमध्येच राहणार.

एवढ्यात खालून फटफट ऐकू आली. वरच्या ढाण्यातल्या बायकांना सकाळपासून पाणी मिळालं नव्हतं. त्यांनी आरडाओरडा केल्यावर ट्रॅक्टर निघालाच. मडगार्डवर सुकरामची बायको कमलाबाई बसली होती, मांडीवर पोह्यांचं भलंमोठं पातेलं घेऊन. आम्ही केव्हाच वर पोचलो असू आणि उपाशी असू, या काळजीने ती निघाली होती. आम्हाला तिसऱ्याच वळणावर बघून तिने ट्रॅक्टर थांबवला.

"काहून जी, पाहुण्यायले इथंच बसवलं?" ती नवऱ्यावर कडाडली. "हुक नाही दाखवला का त्यायले?"

साहेबांनी टँकरच्या मागच्या हुकाकडे पाहिलं. मग वर जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा हुकाकडे.

"कोणत्या हाताने धरता?" त्यांनी सुकरामला विचारलं.

"डाव्या, साहेब. अन् ब्रेकवर उजवा. गचका बसला का सोडून द्याचं."

"सर, सेफ्टीच्या दृष्टीने..." मी सुरुवात केली.

"गजभिये, तुम्ही सेफ्टीबद्दल आज बोलू नका."

साहेब सायकलवर बसले, हुक धरला, आणि निघाले. टँकर गळका होता. प्रत्येक वळणावर पाण्याचा एक फवारा त्यांच्या डोक्यावर. दिसेनासे होण्याआधी त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मॅडम म्हणतात ती किंकाळी होती. मी जवळ उभा होतो, ती आरोळी होती. आनंदाची.

आम्ही उरलेला रस्ता ढकलत गेलो. पाऊण तासाने वर पोचलो तेव्हा साहेब ओल्याचिंब कपड्यांत, पोह्यांची तिसरी प्लेट संपवत होते. चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा. मला पाहिलं आणि ते एकदम पुन्हा साहेब झाले.

"जागा सुंदर आहे. लोक चांगले आहेत. पोहे उत्तम आहेत. पण नकाशा खोटा आहे. उद्या यावर भरवसा ठेवून कोणी लहान मूल घेऊन आला म्हणजे?"

मी खाली बघितलं. खरंच लाज वाटली.

"हुक धरणं आजपासून बंद," साहेब पुढे म्हणाले. "मीही धरला नव्हता. बाकीचे रूट कसे मोजलेत?"

"जीपने," मी पुटपुटलो.

"मग सातही रूट तुम्ही स्वतः सायकलवर चालवायचे. काहीही न धरता. तोपर्यंत फाइल माझ्या टेबलावर राहील."

जमलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. आठ घरांची परवानगी आता माझ्या दोन गुडघ्यांवर होती. कमलाबाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर पोटावर थोडी जास्त रेंगाळली.

"होते का भाऊ तुमच्यानं?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू नाही. उद्या सकाळी या. मी भाकर बांधून देतो."

मी आलो. एकूण अकरा दिवस लागले. सहा रूट कसेबसे झाले. त्यांतही दोन ठिकाणी ग्रेड बदलावी लागली, कारण जीपला चढ कळत नाही. शेवटी हा सातवा. सुकराम साक्षीदार म्हणून मागे चालत होता. हो, चालत. तरी मधूनमधून त्याला माझ्यासाठी थांबावं लागायचं. एका वळणावर मी आडवा झालो, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "ट्रॅक्टर बोलवू का जी? साहेबाले कोण सांगते?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू, फार मोठा मोह झाला. पण मी उठलो.

चार किलोमीटरला एक तास बावन्न मिनिटं लागली. वर पोचल्यावर ढाण्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कमलाबाईने माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "आता गादीवरचं प्लास्टिक काढतो."

तिने ते खरंच काढलं, सही व्हायच्या आधीच. सही आठवड्याभरात झाली. सातव्या रूटचा रंग आता लाल आहे आणि नकाशावरून 'कुटुंबासह' गेलं आहे. गंमत म्हणजे नागपूरची हौशी मंडळी नेमका तोच रूट मागतात.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, आकड्यांचं आणि डोंगराचं पटत नसेल तर डोंगराचं ऐका. साहेबांकडे गेलेल्या फॉर्मवर शेवटी एक रकाना होता: 'सर्व्हेअरचा शेरा'. एरवी तिथे मी चार-पाच ओळी लिहितो, त्यात निदान एक शब्द कोणाला न कळणारा असतो. या वेळी मी फक्त लिहिलं, "चढ आहे."