एका इंजेक्शनात शांत

वेड्यांच्या दवाखान्यात मी एकूण पंधरा दिवस काढले होते, तेही विद्यार्थी म्हणून, आणि त्यातले चार दिवस मला हगवण लागली होती. पण उमरखेड-महागाव पट्ट्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी रुजू झालो, तेव्हा ही पंधरवड्याची पुंजी अशा थाटात सांगितली की कंपाउंडर मला वेड्यांचा स्पेशालिस्ट समजू लागला. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही. साठ सालच्या आसपासची गोष्ट. अंगावरचा पांढरा कोट नवाकोरा होता, अकलेचा अजून पत्ता नव्हता.

एका सकाळी फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरून एक तरुण बाई बैलगाडीत आली. हातपाय दोरीने बांधलेले. पंधरा दिवसांपूर्वी तिचं आठ दिवसांचं पोर दगावलं होतं. तेव्हापासून झोप नाही, अन्न नाही, हाताला लागेल ते फेकत होती.

‘साहेब, हिले नागपूरले धाडू नोका,’ नवरा म्हणाला. ‘येड्याच्या दवाखान्यातून आलेल्या बाईले आमचे घरचे पुन्हा घरात घेत नाईत. मी एकटा काय करू?’

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याजवळ शास्त्र होतं. दोऱ्या सोडायला लावल्या. रोग्याशी ठाम आवाजात, सावकाश बोलावं असं मास्तरांनी शिकवलं होतं, म्हणून दारात उभं राहून म्हणालो, ‘बाई, शांत व्हा. तुम्हाला काहीही होणार नाही.’ रोग्याची वाट अडवून कधी उभं राहू नये, हेही मास्तरांनी शिकवलं होतं. ते मला पितळी तांब्या कपाळावर बसल्यावर आठवलं.

मला भयंकर राग आला. तिचा नव्हे, कंपाउंडर हसला म्हणून. त्या रागातच मी तिला नागपूरला पाठवण्याचा दाखला लिहिला, सही ठोकली आणि नवऱ्याच्या हातात दिला. दुपारच्या मोटारीने तिला न्यायचं, आणि वाटेत गडबड नको म्हणून आधी पॅराल्डिहाइड या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं ठरलं.

सुई उकळून होते न होते तोच तिची आई आली. माहेर पैनगंगेपलीकडे, पुरामुळे निरोपच उशिरा पोचलेला. म्हातारीने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली, लेकीच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने, सुरात, ओळीमागून ओळ लावून रडायला लागली. लेकीनेही तोच सूर धरला. दोघी डुलत होत्या, हेल काढत होत्या. मी तत्काळ निदान केलं की आईलाही झटका आला आहे, म्हणजे हे घराण्यातच आहे.

‘धरा दोघींना. वेगळ्या करा आधी,’ मी ओरडलो.

कंपाउंडरने लेकीचा दंड धरला, तशी ती खरोखरच खवळली. झटापटीत माझ्या हातातलं अर्धं औषध फरशीवर उडालं आणि खोलीभर त्याचा उग्र वास सुटला. तेव्हा दवाखाना झाडणारी आया, जी एरवी माझ्याशी चकार शब्द बोलत नसे, मधात येऊन उभी राहिली.

‘साहेब, हे येड नोहे. तांड्यावरच्या मायलेकी भेटल्या का अशाच रडतेत. काय झालं थे सारं रडण्यातच सांगतेत. लेकरू गेल्यापासून हिले माहेरचं कोणी भेटलंच नाई. रडन तरी कोणापाशी?’

मी सुई नाचवत ‘पण दाखला, पण मोटार, पण माझी सही’ असं काहीबाही ओरडतच होतो. म्हातारीने रडता रडता एक हात मोकळा केला, माझा कोट धरून मला खाली ओढलं आणि म्हणाली, ‘बेस.’ ठाम आवाजात, सावकाश. मी मुकाट्याने फरशीवर बसलो. त्या दिवशी हुकमाने शांत झालेला रोगी तेवढा मीच.

त्या दोघी किती वेळ रडल्या कोण जाणे. शब्द मला कळत नव्हते. पण लेक मध्येच दोन्ही तळहात समोर धरून पोराची लांबी दाखवायची, ते कळत होतं, आणि माझे डोळे भरून आले. हळूहळू सूर उतरला. लेक आईच्या मांडीवर झोपली. बाहेर मोटार भोंगा वाजवून निघून गेली. नवऱ्याने खिशातला दाखला काढून नुसता माझ्यापुढे धरला. मी तो फाडला. चार दिवसांनी बाई आपल्या पायांनी गाडीत चढली. गप्प गप्पच होती अजून, पण जेवत होती, झोपत होती, आणि घरी चालली होती.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण केसपेपरावर उपचाराचा एक रकाना होता, आणि त्यात ‘आई’ असं लिहायची मला लाज वाटली. मी पॅराल्डिहाइड लिहिलं. पुढे तपासणीला आलेले मोठे डॉक्टर तो कागद वाचून खूश झाले.

‘एका इंजेक्शनात शांत?’ त्यांनी विचारलं.

आया दाराशी झाडत होती. तिचा झाडू थांबला.

‘हो साहेब,’ मी म्हणालो.

मग आजूबाजूच्या दवाखान्यांना त्या औषधाच्या बाटल्या गेल्या, सोबत माझ्या कागदाची नक्कल. तिथेही अशा बांधून आणलेल्या बाया येत असणार. तिच्या आईला आधी निरोप धाडा, एवढी एक ओळ त्या नकलेत कुठेच नव्हती.