चुलीवरची कणसं

मी मूल तालुक्यातली, भातावर वाढलेली. लग्न होऊन वरोऱ्याजवळच्या एका गावात आले, ती ज्वारीच्या घरात. सासूबाईंची भाकरी तव्यावर टम्म फुगायची. माझी थापतानाच फाटायची. "हात तं चालते तुये, ध्यान कुठी रायते?" असं त्या म्हणायच्या. खोटं नव्हतं ते. मला एका जागी धीर म्हणून निघत नसे.

त्या दिवशी कोठीतली ज्वारी संपली होती. दुकानातून हायब्रीड आणायला सांगून सासूबाई वावरात गेल्या. रब्बीची पेरणी आठ दिवसांवर आली होती. दुकान उघडायची वाट कोण बघणार? चुलीवर, आढ्याला, धुरानं काळी पडलेली ज्वारीची कणसं टांगलेली होती. कुणीतरी विसरलं असेल, असं मीच ठरवलं. काढली, बडवली, पाखडली आणि चक्कीवरून दळूनही आणली.

आणि काय सांगू, भाकरी फुगली! एकामागून एक पाच फुगल्या. मी एकटीच हसत बसले.

तेवढ्यात शेजारची बाई विस्तव मागायला आली. वर बघून ती चरकलीच. "अवं, ते तं बियाचे कणसं होते! किडा लागू नये म्हणून धुरात टांगते आमी."

माझ्या माहेरी धानाचं बी बांबूच्या ढोलीत भरून ठेवतात. धुरात ठेवलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

चूल तशीच टाकून मी बी मागायला घरोघर धावले. ती उंच धाटांची जुनी ज्वारी कुणाकडेच नव्हती. सगळ्यांनी हायब्रीड धरलं होतं. त्याच्या कडब्याला आमचे बैल तोंड लावत नसत. शेवटच्या घरी म्हातारा म्हणाला, "आमी तं तुया सासूकडूनच नेतो बी. मले काऊन मांगतं?"

घरी आले तर सासूबाई जेवत होत्या. "जमली वं बाई तुले आज," तोंड भरून म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आत्याबाई, ते वरचे कणसं..." पुढं बोलवेना.

त्यांनी वर पाहिलं. नुसती दोरी लोंबत होती. हातातला घास हातातच राहिला. त्या ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे सरकवली.

"खाय. हे चव आता पुन्हा नाई भेटनार."