एकशे चव्वेचाळीसवाले मास्तर

गाडी शिकवण्यात मास्तरांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्यांनी भित्र्यांना शिकवलं, आगाऊंना शिकवलं, डावं-उजवं न कळणाऱ्या एका न्यायाधीशांनाही शिकवलं. फक्त स्वतःच्या बायकोला शिकवलं नाही. तिने विषय काढला की मास्तरांना नेमका खोकला यायचा. ड्रायव्हिंग स्कूल बंद करून घरी बसल्यावर खोकलाही पुरेना, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम आणला, टेबलाला खोटं स्टिअरिंग बसवलं आणि म्हणाले, "घे, चालव हवी तेवढी."

मास्तरीणबाई चालवू लागल्या आणि बघता बघता मास्तरांच्या तोडीस तोड झाल्या. एका दुपारी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अहो, रविवारी एकेक फेरी मारू. मी जिंकले तर मला खरी गाडी शिकवायची. तेव्हा खोकायचं नाही."

मास्तर तोऱ्यात हो म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी नवा मॉनिटर घेऊन आले. दुकानदाराने सांगितलं होतं, की जुना सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचा, हा एकशे चव्वेचाळीस वेळा बदलतो. मास्तरांनी तेवढंच ऐकलं. "पण तुमचा कॉम्प्युटर तेवढी चित्रं देतो का, ते बघा. नाहीतर दोघांचा मेळ घालून घ्या," असंही तो बिचारा म्हणत होता. तोवर मास्तर खोकं उचलून दाराबाहेर पडले होते.

घरचा कॉम्प्युटर वयस्कर. तो कधी सेकंदाला सत्तर चित्रं द्यायचा, कधी शंभर. साठाच्या खाली मात्र येत नसे, एवढी त्याची अब्रू शाबूत होती. दोघांनी मिळून चादरीची घडी घालावी आणि एकाने दुसऱ्यासाठी न थांबता ओढत सुटावं, तशी कॉम्प्युटर आणि मॉनिटरची जोडी जमली. पडद्याच्या वरच्या भागात नवं चित्र, खालच्या भागात जुनं. गाडीचं टप वळणाला लागलेलं आणि चाकं अजून मागेच! मास्तरांना वाटलं, वेग वेग म्हणतात तो हाच असणार.

रविवारी आधी मास्तर बसले. सुरुवात झकास झाली, पण शेवटच्या वळणावर कठड्याचे दोन तुकडे दिसले. मास्तरांनी त्यातला चुकीचा तुकडा खरा मानला आणि गाडी घासली. वेळ काही फार वाईट नव्हती, पण बाई त्याहून कमी वेळात फेरी मारतील अशी धास्ती वाटली. मग त्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

"जरा चहा टाक ना," ते म्हणाले. बाई आत गेल्या तसे मास्तर कामाला लागले. मॉनिटर साठावर आणला. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून गेममधली आणखी एक सोय चालू केली, की पडदा मागेल तेव्हाच गेमने चित्र द्यायचं, आगाऊपणा करायचा नाही. दोन्हीकडून मुसक्या बांधल्या, आता कशी पळते बघू, असं म्हणून ते साळसूदपणे पेपर वाचत बसले.

बाई आल्या, कप ठेवला, पदर खोचला आणि निघाल्या. पडदा साठ चित्रं मागत होता, गेम साठच देत होता. ना कुठे चीर, ना कुठे धक्का. कठडा एकसंध, रस्ता एकसंध. बाई वळणावळणाने अशा गेल्या, की मास्तर पेपर धरायचं विसरले. दोन सेकंदांनी जिंकल्या.

"आज चित्र कसं शहाण्यासारखं चालत होतं हो!"

"हे काही खरं नाही!" मास्तर उसळले. "तुझ्या वेळी स्क्रीन..." आणि जागच्या जागी थांबले. पुढचं बोलायचं, तर स्क्रीनला हात कोणी लावला तेही सांगावं लागलं असतं.

"स्क्रीनचं काय?"

"काही नाही. छान चालवलीस."

"मग किल्ली द्या," म्हणत बाईंनी पर्समधून शिकाऊ लायसन काढून टेबलावर ठेवलं. ते त्यांनी कधी काढून आणलं, देव जाणे.

मोकळ्या मैदानात स्कूलची जुनी गाडी उभी राहिली. चालकाच्या जागी बाई, शेजारी मास्तर. पहिल्याच दणक्याला इंजिन बंद पडलं. बाई हिरमुसल्या.

"सगळ्यांचं होतं असं," मास्तर हळूच म्हणाले.

"सगळ्यांना शिकवलंत. मला का नाही हो?"

खोकला आला होता, पण तो मास्तरांनी गिळला. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

"तू एकटी जायला लागशील म्हणून. तुला कुठे जायचं असलं की तू मला हाक मारतेस. ती हाक बंद होईल, याची भीती वाटायची."

बाईंनी पदर खोचला. मग पुन्हा किल्ली फिरवली.

"जाईनच की एकटी. आणि परतही येईन. आता सांगा, क्लच दाबू की सोडू?"