मामांच्या चंचीतला गुंजेचा पाला

मामा गेल्याचा सांगावा घेऊन त्यांचा गडी नेकनूरहून केजला आला, तेव्हा मी तहसील कचेरीत उर्दू दफ्तरात मान घालून बसलो होतो. तो उंबऱ्यापासूनच म्हणाला, “गेले. पर दोन्ही पायांवर गेले, मालक.” कचेरीतल्या कोणाला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला... मामा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या वडिलांचा पाय बोटापासून काळा पडत गुडघ्यापर्यंत सडला आणि त्यातच ते गेले. आपलंही तसंच होणार, ही भीती मामांनी निम्मं आयुष्य उराशी बाळगली. आता महिना होत आला. पण अजून कोणी दोन्ही पायांवर धडधाकट चालताना दिसलं की मला मामा आठवतात.

मामा मुळातले गोडघाशे. भाकरीला काकवी नव्हे, काकवीला भाकरी लावून खाणारा माणूस, असं सासूबाई म्हणत. अशा माणसाला चाळिशीत तहान लागू लागली. रांजण पुरेना, लघवीला मुंग्या लागू लागल्या. बीडच्या हकिमांनी साखर, गूळ, काकवी, सगळं तोडलं आणि वडिलांचा पाय सडण्याचं मूळही याच दुखण्यात असावं, असं सांगितलं. मामांनी पथ्य पाळलं, पण जिभेची सवय कुठे जाते? त्यांना कुंपणावरची गुंज सापडली. गुंज म्हटलं की लोकांना सोनाराच्या ताजव्यातली लाल-काळी बी आठवते. ती बी विषारी. पण तिचा चिंचेसारखा बारीक पाला चघळला, की जरा वेळानं तोंडात गोडी उतरते. विड्यात लोक तो घालतातच. मामा नुसताच चघळू लागले, वाळवून दुधात उकळू लागले. सासूबाईंनी एका संक्रांतीला त्या पाल्याच्या पाण्यात तिळाच्या वड्या थापल्या. गोडी आली, चिकटपणा कुठून येणार? वड्यांचा भुगा झाला आणि मामांनी तो बकाणे भरून खाल्ला.

हे दुखणं घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर लेकीला कोण करणार होतं? रक्तातला आजार म्हटला की पाहुणे पाणी न पिता उठतात. आणि त्याच सुमाराला माझी तिथे सोयरीक जुळली. साखरपुड्याला आमच्यात व्याही एकमेकांच्या तोंडात खडीसाखर घालतात, मगच बोलणं पक्कं. माझ्या वडिलांनी, आबांनी, खडा पुढे केला आणि मामांनी तोंड फिरवलं. आबा म्हणजे जमदग्नी. आमची साखर कावून चालंना, असं त्यांनी भर मांडवात विचारलं. सासूबाई दाराआडून खुणावत होत्या, की खाऊन टाका, एका खड्यानं काय होतंय. खडा गिळला असता तर सगळं निभावलं असतं, हे मामांनाही कळत होतं.

“मला गोड बंद हाय, व्याही,” मामा म्हणाले. “माज्या बापाला हेच दुखणं होतं, आता मला हाय. उद्या लेकीलाबी निघंल, न्हाईतर न्हाईबी निघायचं. लपवून लेक दिली तर मी चोर. आता तुमी ठरवा.”

माझा चुलता वहाणा शोधू लागला... मामांनी कमरेची चंची सोडली, चिमूटभर पाला आबांच्या तळहातावर ठेवला आणि माझी साखर ही, चालत असली तर घ्या, एवढंच बोलले. आबांनी तो रागातच तोंडात टाकला. गुंजेची गोडी लगेच येत नाही. आबा चघळत राहिले आणि सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यांनी मामांची चंची ओढून घेतली, चिमूटभर पाला मामांच्या तोंडात घातला आणि भटजींना पुढचं म्हणायला सांगितलं. परतताना गाडीत ते म्हणाले, की जो माणूस लेकीचं लगीन मोडायची जोखीम घेऊन खरं बोलतो, त्याची लेक सोडायची नसते. आमच्याकडच्या बायकांनी मात्र पुढे कित्येक वर्षं घरात दूध नासलं तरी खापर गुंजेवरच फोडलं.

दर दिवाळीला आम्ही नेकनूरला गेलो, की मामा लेकीला पहिलं हेच विचारत, पाणी किती पितेस? तुमच्या म्हशीएवढं न्हाई, असं ती हसून सांगे. मग त्यांचा चेहरा उजळे आणि ते मला शेत दाखवायला नेत. माझा त्यांच्यावर फार जीव होता. आबांवर नव्हता तेवढा, हेही सांगून टाकतो.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. घरात मामांना आण्णा म्हणत; आता तरी आण्णांना पोटभर गोड मिळू द्या, म्हणून मेहुण्यानं पुरणात गूळ सढळ हातानं घातला होता. पंगत उठल्यावर आमची मंडळी, म्हणजे मामांची लेक, मागच्या कुंपणापाशी दिसली. गुंजेचा पाला ओरबाडून तोंडात घालत होती. बापाची आठवण येत असेल, असं मी म्हणालो.

“आठवन तर हायच,” ती म्हणाली. “पर मला गेल्या दिवाळीच्या आधीपासनं तहान लागती. आण्णांच्या देखत कसं सांगू?”

म्हणजे गेल्या दिवाळीला ती खोटंच हसली होती. नकळत मी तिच्या पायांकडे पाहिलं. आणि लगेच दुसरा विचार मनात आला, कारण येत्या पंधरवड्यात आमच्या लेकीला, यमुनेला, पाहायला पालीचे पाहुणे यायचे होते. तेवढं पार पडू दे, मग बघू, असं मी हळूच म्हणालो.

तिनं मूठभर पाला तोडला आणि माझ्या हातात दिला.

“हे जपून ठिवा,” ती म्हणाली. “पाहुण्यांना द्यायला लागंल.”