खर्डीला आपल्या वर्गातला एक आहे

दहावीच्या बॅचला सोळा वर्षांनी एकत्र आणायचं खूळ निघालं ते आमच्या वर्गाच्या मॉनिटरच्या डोक्यातून. वाशिंदच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर झाला होता. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची त्याला शाळेत असताना भारी हौस, आणि ती हौस काही गेली नव्हती. मोबाइल तेव्हा नुकतेच आमच्यासारख्यांच्या हातात आले होते. एका रविवारी त्याचा मला फोन आला. मे महिन्यात शाळा रिकामी असते, तेव्हा मेळावा घेऊ, मुलांची यादी मी करतो, मुलींची तू कर. मी मुरबाड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवत होते. शाळेत वक्तृत्वात दरवर्षी बक्षीस घेणारी मी, बोलायचं काम म्हटलं की पुढे. लगेच हो म्हटलं.

मुलांचं काम सोपं. मुलगा जन्मला त्या गावात सापडतो, नाही सापडला तर त्याचा बाप पत्ता सांगतो. मुलींचं तसं नाही. लग्नात आडनाव जातंच, आमच्याकडे बहुतेकींचं नावही जातं. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि जुन्या नावाची बाई त्या दिवसापासून कुणाला माहीत नसते. मला स्वतःला माहेरच्या नावाने हाक मारणारं आईशिवाय कुणी उरलं नव्हतं. तरी मी चिकाटीने एकेकीच्या माहेरी गेले, आयांना, भावजयांना विचारलं, आणि चौदापैकी नऊजणी शोधून काढल्या. त्याचा मला गर्वच झाला होता.

मॉनिटरने यादी केली ती निकालाच्या कागदावरून. म्हणजे पास झालेल्यांची. त्याने मला विचारलं होतं, नापास झालेल्यांचं काय करायचं? आणि मी म्हणाले होते, "कशाला बोलवायचं? त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. आपण शिक्षकांना शाली देणार, कोण काय झालं ते सांगणार, आणि ते बिचारे काय सांगणार?" हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही. 'बिचारे' हा शब्दही माझाच.

एप्रिलच्या मध्यावर मॉनिटर परवानगीसाठी शाळेत गेला, तेव्हा कारकुनाने त्याच्या हातात एक आंतरदेशीय पत्र ठेवलं. त्यावर माझं माहेरचं नाव, खाली 'दहावीची माजी विद्यार्थिनी', आणि शाळेचा पत्ता. फाल्गुनात आलेलं पत्र. कुणीतरी न्यायला येईल म्हणून त्या माणसाने ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं. त्याला काय बोलणार? फेकून दिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं.

त्याने ते मला आणून दिलं, आणि अक्षर मी लगेच ओळखलं, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं. दोन वर्षं ते अक्षर माझ्या शेजारच्या वहीत होतं आणि गणिताच्या तासाला मी त्यावरूनच उतरवत होते. तिचे वडील पाटबंधारे खात्यात कारकून, बदलीवर आलेले, भाड्याच्या खोलीत राहायचे. वर्गात तिचा पहिला नंबर. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात वडिलांची बदली झाली आणि तिचं लग्न लावून दिलं, असं मागाहून कळलं. त्यामुळे हिच्या माहेरचा दरवाजा ठोठावायची सोयच नव्हती. लग्नानंतर तिची दोन पत्रं आली होती. एकाला मी उत्तर दिलं, दुसऱ्याला नंतर देऊ म्हटलं. मग माझंच लग्न ठरलं, आणि त्या पत्रांबरोबर तिचा पत्ताही गेला.

पत्राची सुरुवात शाळेत शिकवतात तशी 'सप्रेम नमस्कार' वगैरे. मग लिहिलं होतं:

'माझी मुलगी नववीला आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे. घरच्यांनी तिचं लग्न वैशाखात धरलंय. मी बोलले तर मार मिळतो. तू येऊन आमच्या ह्यांच्याशी बोल. घरच्या बाईचं ऐकत नाहीत, पण बाहेरचं कुणी शिकलेलं आलं की ऐकतात. लग्न मोडा म्हणू नकोस, फक्त एक वर्ष थांबा म्हण. दहावी होऊ दे. उत्तर पाठवू नकोस, पत्र घरात फोडतात. खर्डीला उतर. तिथं आपल्या वर्गातला एक आहे, त्याला घर माहीत आहे, तो आणील. नक्की ये.'

खाली शाळेतलं नाव. गाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. त्या वर्गातल्याचंही नाव नव्हतं. पत्र कुणाच्या हाती लागलं तर परक्या पुरुषाचं नाव नको, म्हणून धजली नसेल. वैशाख लागायला चार दिवस होते.

मी मॉनिटरला फोन केला. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. शहापूर, वाशिंद, कल्याण, किन्हवली, दोघं पार नाशिकला. "खर्डीला कोनच नाय गं आपला. तिची काहीतरी गफलत झाली असंल."

मी अंगणवाडी मदतनीस बाईच्या भरवशावर टाकून खर्डीला गेले. दोनदा गेले. पोस्टात विचारलं, शाळेत विचारलं, पतपेढीत, औषधांच्या दुकानात. आमच्या शाळेतून दहावी झालेले कुणी गृहस्थ इथे आहेत का? नव्हते. तिचं नाव विचारलं तर पोस्टमन म्हणाला, "सासरचं नाव सांगा. माहेरच्या नावानं बाई कशी सापडायची?" त्याचं बरोबरच होतं. स्टेशनच्या बाहेर रिक्षावाले दोन्ही वेळा म्हणाले, "कुठं जायचं ताई, बसा." मी त्यांच्याकडे न बघता पुढे गेले. आसपासच्या सगळ्या पाड्यांची नावं मला माहीत नव्हती, आणि त्यातला तिचा कुठला, हे कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं.

आमच्या पर्यवेक्षिका बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "कायदा आहे, लग्न थांबवता येतं. गाव कुठलं? मुलीच्या बापाचं नाव काय?" मी पत्र उलटसुलट करून दाखवलं.

इकडे मॉनिटरचे रोज फोन. जिलबी सांगायची की श्रीखंड? बॅनरवर सरस्वती घ्यायची की शाळेचा फोटो? मी त्याच्यावर एकदा इतकी ओरडले की माझी सासू आतून बाहेर आली. तो बिचारा म्हणाला, "अगं, मेळाव्यात माईकवरनं विचारू ना सगळ्यांना. कोनाला तरी ठाव असंलच." आणि मी त्यावर थांबले. दिवस मोजत थांबले. वैशाखातली एकेक तिथी कॅलेंडरवर बघायची, त्यावर विवाहमुहूर्ताची खूण आहे का ते तपासायची, आणि तरी थांबले. आता वाटतं, रोज खर्डीला जाऊन स्टेशनात नुसती बसून राहिले असते तरी चाललं असतं.

मेळावा झाला. शाली झाल्या, नारळ झाले. मी माईकवर पत्र वाचलं. मग सगळे तिच्याबद्दल बोलायला लागले. कुणाला तिच्या वेण्या आठवल्या. सरांनी फळ्यावर गणित चुकवलं तेव्हा उठून उभी राहिलेली ती कुणाला आठवली. एकीने तिने दिलेला कंपास अजून ठेवलाय म्हणून सांगितलं. पुरुषांचे डोळे ओले झाले. अर्धा तास नुसत्या आठवणी, एकाहून एक गोड. आणि ती कुठे आहे हे एकालाही माहीत नव्हतं. मला तो मांडव पेटवून द्यावासा वाटला.

जेवणाच्या वेळी फाटकापाशी एक रिक्षा उभी दिसली. खाकी शर्टातला रिक्षावाला बाहेरच झाडाखाली उभा होता. कुणाला तरी घेऊन आला असेल, उपाशी कशाला ठेवायचा, म्हणून मी ताट वाढून घेतलं आणि त्याच्याकडे गेले.

"दादा, जेवून घ्या. कुणाला घेऊन आलात?"

"कोनाला नाय," तो म्हणाला. "वळखलं नायस ना?"

त्याने नाव सांगितलं. शेवटच्या बाकावरचा. दहावीला चार विषय राहिलेला. वर्गात कुणाच्या सायकलची चेन उतरली की हाच बसवून द्यायचा.

"शापूरला बोर्ड बगितला मेळाव्याचा," तो म्हणाला. "म्हनलं बगावं तू येतेस का. मी खर्डीला असतो. धा वर्सं झाली, टेशनावर रिक्षा हाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी मुलांना अंगणवाडीत हसत हसत सांगते. ताट माझ्या हातातच राहिलं.

"तिचं पत्र..." मी म्हणाले.

"मीच टाकलं पेटीत. माज्याच रिक्षात बसून लिवलंन. तुजा पत्ता आमाला नाय ठाव, तर मीच म्हनलं शाळंत लिव, शाळंत असंलच. मंग तू आली नायस. आमाला वाटलं, तुला यायचं नसंल."

"लग्न?"

"झालं. गेल्या शुक्रवारी. वऱ्हाड माज्याच रिक्षानं नेलं. दोन खेपा केल्या."

मी त्याला यादीचं सांगितलं. मला सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. तो रागावला नाही. "नापासाला कोन लिवतं यादीत," एवढंच म्हणाला आणि ताट घेऊन रिक्षाच्या सीटवर ठेवलं. एक घासही खाल्ला नाही.

आम्ही तसेच निघालो. खर्डीच्या पलीकडे रस्ता सोडून आत चार-पाच किलोमीटर, उतारावर पंधरा-वीस घरं. ती घरामागे पावसाळ्यासाठी लाकडं रचत होती. ओट्यावर म्हातारी सासू चिंचा फोडत बसलेली. रिक्षाचा आवाज ऐकून हिने मान वर केली. सोळा वर्षांनी मी तिला ओळखलं असतं की नाही, देव जाणे. तिने मला लांबूनच ओळखलं, आणि हातातलं लाकूड नीट जागेवर ठेवलं.

"उशीर केलास गो," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ड्रॉवरचं, पोस्टाचं, यादीचं. 'बिचारे' म्हणाले होते तेही सांगितलं. ती ऐकत लाकडं रचत राहिली. मग हात झटकून आत गेली आणि मला पाणी आणून दिलं. दारातून आत फळीवर नववीची पुस्तकं दिसत होती, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. महाराष्ट्र दिनी निकाल लागला होता, पोर वर्गात दुसरी आली होती. ते सांगताना तिचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला. जावई चांगला आहे का, असं मी विचारलं. "सत्तावीस वर्साचा हाय," ती म्हणाली, दुसरं काही बोलली नाही.

मी रडायला लागले. माझ्या रडण्याचा मला संताप आला, कारण ती रडत नव्हती. मग माझ्यातली बोलकी बाई जागी झाली. म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही. कायदा आहे. चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न धरता येत नाही. मी उद्याच तक्रार करते, पर्यवेक्षिका बाई आहेत, पोलीस आहेत. पोर परत आणू. जूनमध्ये शाळा सुरू होईल, दहावीला बसवू. मी बोलत सुटले. वक्तृत्वात बोलायचे तशीच, हातवारे करून. रिक्षावाला लांब उभा राहून ऐकत होता.

माझं संपेपर्यंत ती थांबली.

"कर तक्रार," ती म्हणाली. "पन परत आनलेली पोर आमचे हे घरात घेनार नाय. सांगून ठेवलंय. माजं माहेर उरलं नाय आता. मंग ती जानार कुठं?" तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तुज्याकडं ठेवशील? दहावी व्हईपर्यंत. एकच वरीस."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दोन खोल्या आल्या. सासू आली, नवरा आला, आमच्या गावात लोक काय काय म्हणतील ते आलं. कुणाच्या घरातली लग्न झालेली पोर आणून ठेवली म्हणतील. इतक्या वक्तृत्व स्पर्धा जिंकलेली मी, आणि माझ्या तोंडातून एवढंच आलं:

"घरी विचारून सांगते."

तिने मान हलवली. तिला याच उत्तराची कल्पना होती असं दिसलं. तिने पुन्हा लाकडं उचलायला घेतली.

"तेच गो," ती म्हणाली. "लग्नाच्या आदी आली असतीस, तर नुसतं बोलायचं व्हतं. तुला कोनाला विचारायला लागलं नसतं."