अण्णांची अत्तरदाणी आणि माझा मोठेपणा

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच म्हणा तुम्ही, पण चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर अंगावर सांडाल!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका लहानशा संग्रहालयात मी नोकरीला होतो. तिथं नवा कोरा कॉम्प्युटर आला. सगळ्या वस्तूंची यादी त्यात. ती कुणी नुसती बघायची आणि कुणी नोंद करायची, हे ठरवायचा अधिकार एकट्या मला! शाहूपुरीतला सॉफ्टवेअरवाला बजावून गेला, "सुरेशराव, सगळ्यात मोठं खातं तुमचं. जपा."

मी आपलं सगळ्यांना 'फक्त बघणे' देऊन टाकलं.

झालं, अण्णा रुसले! अण्णा म्हणजे तीस वर्षं वस्तूंचं रजिस्टर लिहिणारे आमचे ज्येष्ठ. शनिवारी निवृत्त होणार होते. जयसिंगपूरच्या एका माळ्यावरनं त्यांनी पितळी अत्तरदाणी मिळवली होती. तिची नोंद नव्या मशिनवर स्वतःच्या हातानं करायची, एवढी एकच इच्छा.

"तीस वर्षं लिवलं, आणि आता मी नुसतं बघायचं व्हय रं सुऱ्या?"

"शनिवारी नोंद तुम्हीच करायची, अण्णा," मी शब्द देऊन बसलो.

शुक्रवारची दुपार. पंखा कुरकुरतोय, खिडकीतलं ऊन अत्तरदाणीवर पडलंय. झाकण उघडलं, तर आत अजून वाळ्याचा वास! किती लग्नांत फिरली असेल ही, किती मनगटांना लागली असेल... मी तिथंच हरवलो. मला मांडव दिसायला लागला, पंगत बसलेली, आणि मी वाढतोय. वाढणारा कधी आधी जेवतो का? आपल्यात तशी रीतच न्हाय.

त्याच तंद्रीत वाटलं, अण्णांपुढं आपण कोण मोठे? आधी आपला मोठेपणा उतरवावा, मग त्यांना द्यावा. माझ्या नावापुढं 'फक्त बघणे' केलं, बटण दाबलं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! मग अण्णांचं नाव उघडायला गेलो.

'तुम्हाला अधिकार नाही.'

अहो, देणारा मीच, आणि मीच बघ्या झालेलो! सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

त्यानं विचारलं, "मोठं खातं आता कुणाकडं हाय?"

"कुणाकडंच न्हाय."

"म्हंजे?"

"मी नम्रपणानं सोडलं."

त्यानं ते वाक्य माझ्याकडनं पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग आवाज आला, "सोमवारी येतो."

सोमवारी? निरोप शनिवारी! अण्णांना सांगायची छाती झाली नाही. उद्यापर्यंत आपोआप सुटेल, असं मला खरंच वाटत होतं. मी म्हणजे असा!

शनिवारी हार, नारळ, पेढे, साहेबांचं भाषण. अण्णा नवा सदरा घालून मशिनपुढं बसले. एका बोटानं अक्षर शोधत, दाबत आपलं नाव घातलं, मग 'नोंद करा' दाबलं. सगळे मागनं वाकून बघत उभे.

'तुम्हाला अधिकार नाही.'

अण्णांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असं व्हय," अण्णा म्हणाले. खिशातलं पेन काढलं, जुनं रजिस्टर ओढलं आणि मोत्यासारख्या अक्षरात अत्तरदाणीची नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहिली, आणि स्वतःच खदाखदा हसले. "आता कुणाच्या बाला पुसता येणार न्हाय!"

आज ते रजिस्टर अत्तरदाणीशेजारी काचेत ठेवलंय, त्याच पानावर उघडं. शेरा असा: 'कॉम्प्युटरवर नोंद झाली नाही. कारण: सुरेश.'

संग्रहालय दाखवायचं काम माझ्याकडंच. रोज कुणीतरी काचेला नाक लावून विचारतंच, "हे सुरेश कोण हो?"

"होते कुणीतरी जुन्या काळी," मी म्हणतो. "चला पावणं, तलवारी पुढच्या खोलीत हायत."