सुभेदार आप्पांची मांडी

सुभेदार आप्पा पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी दाराला आतून कडी लावली.

"कडी काढा आधी," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच मोठा, त्यात बाहेर पेशंट ताटकळलेले.

"म्याडम, लोकं बगत्यात."

"बघू देत. गुडघाच दाखवायचाय ना?"

"गुडगाच तर दावायचा न्हाई कुणाला."

शेवटी कडी काढली आणि पडदा ओढला. उभी हयात फौजेत काढलेला तो धिप्पाड, मिशाळ माणूस पायजमा गुडघ्यावर सरकवताना माझ्याकडे बघेना. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला.

माझं काम गुडघे मोजायचं आणि वळायला लावायचं. फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना मालिश वाटतं, त्याला इलाज नाही. मी साताऱ्याची, लग्न होऊन कडेगावला आले, आणि या उसाच्या पट्ट्यात दुखऱ्या गुडघ्यांना काही तोटा नाही. मोजायचं साधन अगदी साधं. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसं. एक पट्टी मांडीच्या रेषेत धरायची, दुसरी नडगीच्या, आणि पाय कितपत वाकतो ते बघायचं. पण गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे, तो थोडा फिरतोही. त्यासाठी पेशंटला पाय सोडून बसवते, मांडी घट्ट धरते आणि पाऊल आत-बाहेर फिरवायला सांगते. खुर्चीवर बसणाऱ्याचं या फिरण्यावाचून फारसं अडत नाही. मांडी घालणाऱ्याचं अडतं. आप्पांचा उजवा गुडघा काटकोनाच्या जरा पुढे जाऊन थांबायचा, आणि फिरायचा म्हणाल तर जवळपास नाहीच.

बरं, आप्पा मापात लबाडी करायचे. गुडघा वाकेना की हळूच कंबर उचलायचे. फिरेना की घोटा वळवायचे. घोटा धरून ठेवला की खुब्यातून सगळा पायच फिरवायचे, आणि वर मलाच म्हणायचे, "अजून हाय त्यात. लिवा फुडं."

"आप्पा, मी घोटा मोजत नाहीये."

"पर पाय माजाच हाय की!"

मी पुन्हा पट्ट्या लावायची.

निवृत्त होऊन गावी आल्यावर कुंडलच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीमागे त्यांची मोटरसायकल घसरली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालता यायला लागलं, पण गुडघा ताठच राहिला. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात पंगत बसायला लागली. बसता येत नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटली, म्हणून आप्पांनी शेजारची आमटीची बादली उचलली आणि वाढायला सुरुवात केली. झालं! गावाला वाटलं, एवढा सुभेदार, पण बादली घेऊन फिरतो, काय ही नम्रता. पुढे लग्न असो, बारसं असो, भैरोबाची यात्रा असो, आप्पा वाढायला ठरलेले. "पोटभर जेवा, मी हाय मागनं," असं म्हणत ओळीतून फिरायचे. शेवटची पंगत उठली की चुलाणाजवळ उभ्याउभ्या चार घास खायचे. पोरं त्यांच्या पाया पडायची. आया लेकांना सांगायच्या, आप्पांकडं बघून शिका जरा.

आणि ते माझ्याकडे आले त्या वर्षी सरपंचांनी जाहीर केलं की यात्रेच्या प्रसादाला पहिल्या पंगतीत मानाच्या पाटावर आप्पांना बसवायचं, आणि वाढायचं स्वतः सरपंचांनी.

"खरं काय ते सांगून टाका की," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं सांगू? इतकी वर्सं लोकांकडनं पाया पडून घेतलं, म्याडम." आप्पांनी मान खाली घातली. "यात्रंपत्तुर मला मांडी घालायला शिकवा. एकदा बसलो की सुटलो."

मी शिकवलं. शेक दिला, पाय दाबून वाकवला, फिरवला. दुखलं की आप्पा "चालतंय, चालतंय" म्हणायचे आणि डोळ्यांतून पाणी गळत असायचं. यात्रा तोंडावर आली तेव्हा ते माझ्यासमोर सतरंजीवर बसले. उजवा गुडघा वर राहिलेला, पण वरून उपरणं टाकलं तर खपून जाईल, अशी मांडी जमली होती.

"उठता येतं?" मी विचारलं.

"घरी टुनकन उठतोय," असं म्हणत खाटेची कड धरून ते उठलेसुद्धा. घरी त्यांच्या पत्नी, काकी, काखेत हात घालून उठवत होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

यात्रेला मला आग्रहाचं बोलावणं होतं. पुरुषांची पंगत एका बाजूला, बायकांची समोर. आप्पा पाटावर बसले, उपरणं गुडघ्यावर पसरलं आणि लांबूनच माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. भात, आमटी, वांग्याची भाजी, शिरा. जेवणं झाली, लोक पाणी प्यायले आणि सगळे थांबून राहिले, कारण मानाचा माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही.

"आप्पा, थोडा भात?" सरपंचांनी विचारलं.

"घाला."

भात संपला. "शिरा?"

"घाला."

सुरुवातीला सगळ्यांना कौतुक वाटलं. आप्पा मात्र एकेक शीत उचलून खात होते. मांडवाबाहेर दुसरी पंगत उन्हात उभी होती. आप्पांच्या कपाळावरचा घाम मला लांबूनही दिसला. माझ्या शेजारी काकींचा हात पत्रावळीतच थांबला होता.

"मला उठता येत न्हाई," आप्पा म्हणाले.

सगळा मांडव हसला. "आज सोडतोय व्हय आमी तुमाला!" असं म्हणत सरपंचांनी आणखी एक डाव शिरा घातला.

तेव्हा काकी उठल्या. घरातसुद्धा नवऱ्यापुढे मोठ्यानं न बोलणारी ती बाई सरळ पुरुषांच्या ओळीतून गेली, मागून त्यांच्या दोन्ही काखेत हात घातले आणि म्हणाली, "आवं, उठा." आप्पा अर्धे उठले, पाय अडकला, पत्रावळ उलटली आणि शिरा मातीत गेला. काकींचा खांदा धरून ते कसेबसे उभे राहिले. हसू थांबलं होतं.

"गुडगा वळत न्हाई माजा," आप्पा म्हणाले. "बसता येत नव्हतं म्हनून वाढत हुतो. सेवा-बिवा काय नव्हती ती. तुमी पाया पडला तवा बी मी गप बसलो."

रागावलं कुणीच नाही. सरपंच तेवढे म्हणाले, "आवं मग आदी सांगायचं न्हाई का? खुर्ची दिली असती की."

आणि दिली. पुढच्या लग्नात दारापाशीच आप्पांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची, पुढ्यात स्टूल, सगळ्यांच्या आधी ताट. बादलीला हात लावला की कुणीतरी येऊन काढून घ्यायचं. "ऱ्हाऊ द्या आप्पा, तुमच्या गुडघ्याला कशाला तरास?"

काही दिवसांनी ते माझ्याकडे आले, पण गुडघा दाखवायला नव्हे.

"म्याडम, तुमी सांगा त्यास्नी. हुबं ऱ्हायला मला काय बी हुत न्हाई."

"सांगते. पण आता आरामात बसून जेवता, तेच बरं नाही का?"

"घास उतरत न्हाई." त्यांनी बादलीची कडी धरल्यासारखी मूठ वळली. "पयल्यांदा लाजंपायी वाढलं, ते खरं हाय. पर मागनं मला त्येचीच गोडी लागली हुती. कुनाला किती भात लागतो, कोन लाजून मागत न्हाई, समदं ठावं झालं हुतं. आता हे कुनाला सांगू? कोन इस्वास ठिवंल?"

मी सरपंचांना फोन करून चांगलं खडसावून सांगितलं. ते "व्हय व्हय, म्याडम" म्हणाले, आणि पुढच्या कार्यात आप्पांच्या खुर्चीवर एक उशी ठेवली.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. तेराव्याला मी गावात गेले, काकींना भेटले आणि पंगतीत बसले. वाढायला नवखी पोरं होती. कुणाच्या पानात दोनदा भाजी, कुणाला आमटीच नाही. माझ्या शेजारची म्हातारी कोरडा भात चिवडत होती आणि मागायला लाजत होती. समोरच्या ओळीत सरपंच होते, त्यांच्याही पानात कोरडाच भात. वाढप्याला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्याकडे नजर गेली आणि मिटलं. मग आम्ही सगळ्यांनी तो भात तसाच, खाली मान घालून खाल्ला.